दिवाणाचं कपाळ

“बाबा, बैल पळताना पापण्या मिटतो का?”

हर्षदानं हे विचारलं तेव्हा माझा डावा हात एका बैलाच्या तोंडात होता आणि उजव्या हातात त्याची वेसण. जनावरांच्या डॉक्टरला लोक नेमके अशाच वेळी प्रश्न विचारतात.

“मिटत असेल,” मी म्हणालो. “पळत्या बैलासमोर उभं राहून मी कधी बघितलेलं नाही. म्हणून तर पेन्शनपर्यंत पोचलो.”

तिनं गंभीरपणे मान हलवली. माझ्या विनोदांवर निदान मान हलवणारी सून मिळाली, हे भाग्यच. मुलगा तेवढंही करत नाही.

ही कुरणवाडीच्या माळावरची गोष्ट. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जिथं बाभळी आणि पुढारी सोडले तर आपोआप काही उगवत नाही, तिथं हे गाव आहे. देवीच्या जत्रेला तिथं बैलगाड्यांची मोठी शर्यत होते. डॉक्टरनं तपासल्याशिवाय बैल जुंपायचा नाही असा नियम आहे, आणि एवढ्या बैलांना सरकारी डॉक्टर एकटा पुरत नाही, म्हणून समितीनं जोडीला मला बोलावलं होतं.

माझा हात ज्याच्या तोंडात होता तो दिवाण. त्या भागातला सगळ्यात नावाजलेला बैल. सकाळीच धुतलेला, कपाळ दुधासारखं कोरं. मालक दिनकरआबा मोहिते. शर्यतीच्या समितीचे अध्यक्षही तेच. ते मागून येऊन माझ्या खांद्यावरून डोकावले.

“काय डॉक्टर, दात मोजताय का? आवं, आमचा दिवाण बोलाय लागला तर आमदार हुईल.”

“म्हणूनच तोंडात हात ठेवलाय, आबा.”

आबा गदगदून हसले आणि हर्षदाकडं वळले. “आणि पोरी, तुझं कुठवर आलं? माळावर नेटवर्क न्हाई म्हणून तू स्वतःचं घिऊन आलीयास म्हणं?”

“न्यूरल नेटवर्क, आबा. ते वेगळं असतं.”

“वेगळं असू दे. दिसायला पायजे म्हंजे झालं. दुबईला माझा पुतण्या बसलाय मोबाईल घिऊन.”

अडचण अशी होती. त्या माळावर मोबाइलचा टॉवर जेमतेम एक रेघ दाखवायचा. मागच्या जत्रेला शर्यतीचं थेट प्रक्षेपण केलं तेव्हा लोकांना घरबसल्या रंगीबेरंगी चौकोन दिसले होते. त्यातला एक चौकोन दुसऱ्याच्या पुढं गेला की लोक टाळ्या वाजवायचे. हर्षदा आणि तिचा भागीदार इम्तियाज मुल्ला यांनी त्यावर उपाय काढला होता. कॅमेऱ्याला जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी जोडलेली. पेटी चित्रातला अगदी थोडा भाग पुढं पाठवायची आणि बाकीचं तिथंच टाकून द्यायची. मैदानातल्या मोठ्या पडद्याजवळ आणि लोकांच्या मोबाइलमध्ये जे यंत्र बसलेलं असेल, ते उरलेलं चित्र स्वतः भरून काढायचं.

“कसं भरतं?” आबांनी विचारलं.

“त्याला आम्ही शेकडो शर्यती दाखवल्यात. तुम्हीच नाही का दोन वर्षांचे व्हिडिओ दिले? बैल कसा पळतो, धूळ कशी उडते, गाडीवान कसा वाकतो, हे त्याला पाठ झालंय. इकडून जरा खूण केली की तिकडं ते ओळखतं.”

मी आबांना सोपं करून सांगितलं. “आमची ही घरात मला नुसतं ‘ते जरा’ म्हणते. मी अडकित्ता आणून देतो. पूर्ण वाक्य लागत नाही.”

“आणि अडकित्त्याऐवजी चुना आणला तर?”

“तर मग पूर्ण वाक्य येतं.”

शिडीवर चढून कॅमेरा बांधणारा इम्तियाज वरून म्हणाला, “आमचं यंत्र काकूंच्या बाजूचं नाही, काका. तुमच्या बाजूचं आहे. काय आणायचं ते कळलं नाही तरी हात हलवत परत यायचं नाही, एवढं शिकलंय.”

आम्ही सगळे हसलो. हर्षदा मात्र हसली नाही. तिला त्या दिवशी कशाचंच हसू येत नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

बंगळुरूची चांगली नोकरी सोडून तिनं आमच्या सांगलीच्या घरातल्या मागच्या खोलीत हे काम मांडलं होतं. दोन वर्षं ती आणि इम्तियाज दिवसभर बैलांचे व्हिडिओ बघत बसायचे. नातेवाइकांत चर्चा होती. माझी धाकटी बहीण एकदा चहा पिताना म्हणाली, “दादा, एवढी शिकलेली सून, आणि बैल बघत बसते?” मी म्हणालो, “मीही शिकून तेच केलं. घराण्याची परंपरा आहे.” पण आता पैसे संपत आले होते, पाणी दोघांच्या गळ्याशी आलं होतं. पुण्याच्या एका कंपनीचे देवधर नावाचे साहेब त्या दिवशी मुद्दाम माळावर आले होते. अंतिम फेरी धड दिसली तर कंपनी यांचं तंत्र घेणार, राज्यभरच्या मैदानांवर लावणार. नाही दिसली, तर मागची खोली रिकामी करायची आणि हर्षदानं बंगळुरूला परत जायचं. हे तिनं मला सकाळी गाडीतच सांगितलं होतं. माझ्या बायकोला अजून सांगितलेलं नव्हतं. कारण बायको पूर्ण वाक्य बोलली असती.

दुपारपर्यंतच्या फेऱ्या अशा काही दिसल्या की विचारू नका. पडद्यावर बैलाच्या कातड्यावरची थरथर दिसत होती. लोक मैदानाकडं पाठ करून पडद्याकडं तोंड करून बसले. दोरीच्या पलीकडं, हाताच्या अंतरावरून खरे बैल जात होते आणि त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. मांडवात बसलेल्या देवधर साहेबांनी नाकावरचा रुमाल काढला. सकाळपासून त्यांनी तो धुळीसाठी धरला होता. दुबईहून पुतण्याचा फोन आला. आबांनी तो निवेदकाच्या माइकलाच लावला: “काका, हितं बसून दिवाणाच्या शिंगावरचा दोरा दिसतोय!” माळ दणाणला. इम्तियाजनं माझा हात धरून हलवला. माझ्या सुनेच्या कामाबद्दल मला कुणीतरी हात हलवून शाबासकी देतंय, म्हणून मीही उगाच थोडा छाती काढून बसलो.

अंतिम फेरीत दोन गाड्या उरल्या. एक दिवाणाची; गाडीला बैल दोन असले तरी नाव एकाचंच चालतं. दुसरी मल्लाप्पा बिराजदारची, जतकडच्या एका टेम्पो चालवणाऱ्या माणसाची. त्याच्या बैलाचं नाव चेंडू. वासरू असताना उड्या फार मारायचा म्हणून चेंडू. आता सहाशे किलोंचा झाला तरी नाव तेच.

गाड्या सुटल्या. अर्ध्यात दिवाण पुढं, मग चेंडू, मग धुळीचा असा लोट उठला की निशाणाच्या रेषेवर काय झालं ते देवीलाच ठाऊक. रेषेवर दोन झेंडेवाले असतात. डावीकडच्यानं दिवाणासाठी झेंडा टाकला, उजवीकडच्यानं चेंडूसाठी. एकमेकांकडं बघून दोघंही इतके दचकले की दोघांनीही झेंडे परत उचलले.

लोक ओरडायला लागले. निवेदक चांगला तयारीचा माणूस होता. तो म्हणाला, “शांत रहा, मंडळी! कुरणवाडीच्या इतिहासात पहिल्यांदाच! निकाल पडदा देईल!”

पडद्यावर रेषेचा क्षण थांबवला गेला. काय चित्र होतं! धूळ जणू बाजूला सरकून उभी होती. आणि दिवाणाचं नाक चेंडूच्या नाकापुढं, चांगलं वीतभर. शंकेला जागाच नाही.

माळावर एकच गलका झाला. आबांच्या माणसांनी गुलालाच्या पोत्यांची तोंडं सोडायला घेतली. देवधर साहेब उभे राहून इम्तियाजला म्हणाले, “विलक्षण. उद्याच बसू आपण.” मल्लाप्पा पडद्याकडं जरा वेळ बघत राहिला. मग डोक्याचा टॉवेल काढून त्यानं खांद्यावर टाकला. “दिसतंय ते दिसतंय,” तो बाजूच्या माणसाला म्हणाला आणि चेंडूकडं निघाला.

मी हर्षदाकडं बघितलं. म्हटलं, आता तरी हसेल. ती पडद्याकडं बघत होती आणि तिचा चेहरा पोटशूळ उठलेल्या गाईसारखा झाला होता. धंद्यामुळं उपमा अशीच सुचते, वाचकांनी माफ करावं.

ती उठली, चालत निवेदकाकडं गेली आणि तिनं त्याच्या हातातला माइक घेतला. निवेदकाच्या हातून माइक काढून घेणं सोपं नसतं. मंत्र्यांनाही जमत नाही. तिला जमलं, कारण तिनं मागितलाच नाही.

“थांबा,” ती म्हणाली. “गुलाल उधळू नका. हे चित्र खरं नाही.”

एवढी माणसं एकदम गप्प झालेली मी फक्त श्रद्धांजलीच्या सभेत बघितली होती, आणि तिथंही मागची रांग बोलत असते.

“काय म्हनतीस, पोरी?” व्यासपीठावरून आबांचा आवाज आला. “माझा बैल जिंकला न्हाई म्हनतीस?”

“तसं नाही म्हणत, आबा. जिंकला की नाही ते माझ्या यंत्राला माहीत नाही, एवढंच म्हणते.”

“आगं, एवढं झळझळीत दिसतंय!”

“झळझळीत आहे. खरं नाही.”

देवधर साहेब लगबगीनं तिच्याजवळ गेले. आवाज खाली घेऊन बोलले, पण माइक चालू होता. “मॅडम, हे आपण नंतर आपापसात बघू ना.”

“नंतर गुलाल पडलेला असेल, सर.”

मग ती इम्तियाजला म्हणाली, “दिवाणाचं कपाळ मोठं कर.” इम्तियाजनं तिच्याकडं बघितलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला, आणि कपाळ मोठं केलं. सबंध पडदाभर बैलाचं कपाळ.

“काय दिसतंय?” तिनं लोकांना विचारलं.

“गुलाल!” पुढच्या रांगा ओरडल्या. दिसतच होता, फिकट, गुलाबी, धुरळ्यासारखा, पण गुलालच. आम्ही सगळ्यांनी तो आधीच बघितला होता आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. दिवाण गुलालाशिवाय आम्हाला आठवतच नव्हता.

“आता तिकडं बघा. खऱ्या दिवाणाकडं.”

सगळा माळ वळला. मैदानाच्या टोकाला गाडीवान दिवाणाला फिरवून आणत होता. कुणीतरी पळत गेलं, बैलाच्या तोंडाशी वाकलं आणि तिथूनच बोंबललं, “कोरं हाय की! कपाळ कोरं हाय!”

“गुलाल अजून पोत्यात आहे,” हर्षदा म्हणाली. “मग चित्रात कुठून आला? यंत्रानं काढला. रेषेच्या जरा आधीचं खरं चित्र आलं, रेषेनंतर धुळीचं आलं. मधलं आलंच नाही. ते यंत्रानं मनानं रचलं. त्यानं आजवर जेवढ्या शर्यती बघितल्या, त्या प्रत्येकीत रेषेवर दिवाण पुढं होता आणि पाठोपाठ त्याच्या कपाळावर गुलाल होता. म्हणून त्यानं आजही दिवाण पुढं काढला. गुलालाची जरा घाई झाली, म्हणून मला कळलं.”

मागून कुणीतरी विचारलं, “परतेक शर्यतीत कसा? आटपाडीत हारलाय की! कवठ्यात बी हारलाय!”

“त्या शर्यतींचे व्हिडिओ आबांकडं नव्हते.”

मग मागच्या रांगेतून हसू सुटलं ते लाटेसारखं पुढं येत व्यासपीठापर्यंत आलं आणि तिथं घाबरून थांबलं. खरंच, हरलेल्या शर्यतीचा व्हिडिओ कोण जपून ठेवतो? आबांच्या पोरांनी दोन वर्षं फक्त विजय साठवले होते, आणि बिचारं यंत्र तेवढंच शिकलं होतं. माझ्या नोकरीच्या काळात मी अशी बरीच माणसं बघितली होती. त्यांना बढत्या मिळायच्या.

“ते व्हिडिओ तपासायचं काम माझं होतं,” हर्षदा पुढं म्हणाली. “आबांचा दोष नाही.”

“मूळ चित्र दाखव मग,” आबा म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“मूळ ठेवतच नाही आम्ही. टाकून देतो, म्हणून तर एवढ्या बारीक वाटेनं जातं.”

मल्लाप्पा एव्हाना परत आला होता. “ताई,” तो संकोचानं म्हणाला, “मी काय तक्रार केली न्हाई.”

“म्हणून तर मला करावी लागतेय, दादा.”

समितीनं डोकी एकत्र घातली. एकच मार्ग होता: दोन्ही गाड्या पुन्हा पळवायच्या. मग सगळे माझ्याकडं वळले, कारण दमलेले बैल पुन्हा जुंपायचे की नाही हे डॉक्टरनं सांगायचं असतं. मी चारही बैल तपासले. दिवाणाची कूस भात्यासारखी हलत होती, चेंडूची तशीच.

“ऊन उतरेपर्यंत नाही,” मी सांगितलं.

“सुनेला सावरायला वेळ देताय व्हय, डॉक्टर?” आबा दातओठ खात म्हणाले.

“आबा, दिवाणाचा श्वास माझ्या सुनेला ओळखत नाही.”

ऊन उतरलं. हर्षदानं पेटी बंद करायला लावली; पडद्यावर परत मागच्या वर्षीचे चौकोन आले. लोक कुरकुरत उठले आणि दोरीशी जाऊन उभे राहिले. झेंडेवाले रेषेवर पोटावर आडवे झाले. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळी कुरणवाडी खऱ्या बैलांकडं बघत होती.

आणि दिवाण जिंकला. चांगला मानभर पुढं. दोन्ही झेंडे एकाच बाजूला पडले.

गुलालानं माखलेले आबा सरळ हर्षदापुढं येऊन उभे राहिले. “बगितलंस? तुझं यंत्र खरंच बोलत हुतं! उगा दुपार घालवलीस.”

“खरं बोलत नव्हतं, आबा. त्याचा अंदाज आत्ता बरोबर आला.”

“त्यात फरक काय?”

“दिवाण म्हातारा झाल्यावर कळेल,” ती म्हणाली. “तेव्हा त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचातरी बैल यंत्राचा लाडका असेल. आणि तुमचा बैल पुढं असला तरी यंत्र त्यालाच पुढं काढेल.”

गुलालामुळं आबांचा चेहरा वाचता येत नव्हता.

देवधर साहेब गाडीत बसताना म्हणाले, “मॅडम, तुमचं काम पहिल्या दर्जाचं आहे. पण ग्राहकाला चित्र हवं असतं. ते कसं झालं हे ऐकायची त्याची तयारी नसते.” गाडी गेली. तिच्या मागच्या धुळीला रुमाल धरायची वेळ आता आमची होती.

परतीच्या वाटेवर कवठं मागं पडलं. मग मागच्या सीटवरून हर्षदा म्हणाली, “बाबा, चुकलं का माझं?”

मी म्हणालो, “तीस वर्षं सरकारी नोकरी केली मी. स्वतःचं काम सगळ्यांना आवडलेलं असताना उठून ‘हे खोटं आहे’ म्हणणारं माणूस तेवढ्या काळात एकही बघितलं नाही.”

“म्हणजे चुकलं?”

“म्हणजे निवृत्त झाल्यावर बघायला मिळालं.”

इम्तियाज खिडकीबाहेर बघत म्हणाला, “काका, हे जरा मोठ्यानं बोला. तिकडं वाऱ्यात गेलं.” मी मोठ्यानं बोललो. आयुष्यात मी एवढं मोठ्यानं फक्त म्हशींशी बोललो होतो.

घरी आल्यावर माझ्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि पूर्ण वाक्य बोलली: “खोली रिकामी करायची काही गरज नाही.”

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या दारात आबांची जीप थांबली. आबा आत आले आणि त्यांनी टेबलावर मूठभर पेनड्राइव्ह ओतले.

“हे काय, आबा?”

“दिवाण हारल्याल्या शर्यती,” आबा म्हणाले. “ह्या गोळा करायसाठी ज्यांचं तोंड बघत न्हवतो, त्यांच्या घरी जाऊन च्या प्यालो. आनंदानं दिलं लेकांनी. दोघांनी तर पेढं बी दिलं. दाखव तुझ्या यंत्राला. त्याला कळू दे, जग कसलं आसतंय ते.”

हर्षदानं यंत्राला सगळं नव्यानं शिकवलं. शिवाय दोन गोष्टी केल्या. रेषेवर एक साधा कॅमेरा ठेवला, काहीही टाकून न देणारा. त्याचं चित्र टॉवरवरून जात नाही, कार्ड काढून माणसानं चालत आणायचं. आणि पडद्यावर, जेव्हा खूण न मिळता यंत्र चित्र मनानंच रचेल, तेव्हा कोपऱ्यात एक लाल ठिपका उमटेल अशी सोय केली. इम्तियाजला भीती होती की ठिपका बघून कुणी हे घेणारच नाही. कुरणवाडीच्या समितीनं घेतलं. मग शेजारच्या गावानं. देवधर साहेबांचाही फोन आला, पण तोवर त्यांना रांगेत उभं राहावं लागलं.

पुढच्या जत्रेला मी पुन्हा त्याच माळावर होतो. अंतिम फेरीला पुन्हा दिवाण आणि चेंडूच. पुन्हा धुळीचा लोट, पुन्हा झेंडेवाल्यांची फाटाफूट, आणि पडद्यावर तसंच झळझळीत चित्र: दिवाण पुढं. दिवाणाची ती शेवटची शर्यत हे सगळ्यांना माहीत होतं. लोकांचे हात पोत्यांत गेले. कोपऱ्यात लाल ठिपका होता. पण एवढ्या आनंदात ठिपका कोण बघतो?

माझ्याशेजारी बसलेली हर्षदा खुर्चीचा हात धरून उठायला लागली.

तेवढ्यात व्यासपीठावर आबा उभे राहिले. निवेदकाच्या हातातला माइक त्यांनीही मागून घेतला नाही.

“हात बाहीर काढा पोत्यातनं,” आबा म्हणाले. “ठिपका हाय. कार्ड येऊ द्या.”

आणि सगळा माळ थांबला. निशाणाकडून एक माणूस हातात कार्ड घेऊन, उन्हातून, काही घाई न करता चालत येत होता आणि हजारो माणसं गप्प उभी राहून त्याची वाट बघत होती. त्या कार्डात चेंडू पुढं निघाला आणि आबांनी स्वतः जाऊन मल्लाप्पाला मिठी मारली. पण ते सगळं नंतर.

आधी हर्षदा हळूच परत खाली बसली. “बाबा,” ती म्हणाली, “आता मी उठायची गरज नाही.”

आणि दोन जत्रांत मी पहिल्यांदा तिला शर्यतीच्या मैदानावर हसताना बघितलं.